आबांचा पाय

मेडिकलमध्ये ट्यूब बँडेज, म्हणजे हातापायावर चढवायची नळीसारखी पट्टी, मागितलं की समोरून विचारतात, "स्मॉल, मीडियम की लार्ज?" बनियन घ्यायला आल्यासारखं. पायाचा घेर कुणी विचारत नाही, आणि त्या पायात रक्त कितपत पोचतंय हे तर नाहीच नाही.

इचलकरंजीतल्या एका लहान हॉस्पिटलात मी ड्रेसिंगचं काम बघते. सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका सोमवारी आबांना त्यांच्या मुलानं जवळजवळ उचलूनच आत आणलं. आबांची सगळी हयात यंत्रमागावर उभं राहून गेलेली, सोबतीला बिडी. डाव्या पायावर बदामी रंगाची इलॅस्टिक नळी चढवलेली होती. घट्ट बसावी म्हणून ती आधीच दुहेरी केलेली, आणि तरी लांब झाली म्हणून वरची कड गुडघ्याखाली दोनदा दुमडलेली. म्हणजे त्या एका वळ्यात सहा थर. खाली बोटं जांभळी पडलेली.

"सूज उतरंना म्हणून कालच नवीन आणली, सिस्टर," मुलगा म्हणाला. खोक्यावर 'सी' अक्षर होतं. सपाट ठेवली तर ही नळी पावणेसात सेंटिमीटर रुंद भरते. हाताला किंवा बारीक घोट्याला ठीक. आबांच्या पोटरीचा घेर भरला 34 सेंटिमीटर.

असली नळी ओढून काढायची नसते, कातडी सोबत येते. बोथट टोकाची कात्री आत सरकवून मी ती उभी कापली. वळ्याच्या जागी बोट बसेल एवढी खाच पडली होती. आतला गॉझ जखमेला घट्ट धरून बसलेला. सलाईननं भिजवला, थांबले, पुन्हा भिजवला, मग सुटला.

घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, पसरट ओली जखम. भोवतीची कातडी तपकिरी. वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसांच्या फुगलेल्या शिरांची ही ठरलेली जागा, आणि या जखमेला दाब हाच उपचार. इथपर्यंत मुलाचं काही चुकलं नव्हतं. पण करंगळीच्या बाजूला आणखी एक जखम होती, चण्याएवढी, कोरडी, काळी, कडा कोरून काढल्यासारख्या. तिच्याबद्दल घरात कुणी बोललंच नव्हतं. पाऊल हाताला गार लागलं. पावलावरची नाडी चाचपली, सापडेना.

मी विचारलं, "आबा, रात्री झोप लागती का?"

"पाय खाटंखाली सोडला की लागती. वर घेतला की आग पडती बघा."

मग सगळा उलगडा झाला. धमन्या अरुंद झाल्या की आडवं पडल्यावर पावलाला रक्त पुरत नाही, दुखायला लागतं. पाय लटकवला की थोडं रक्त उतरतं, बरं वाटतं. पण रात्रभर लटकलेला पाय सकाळी सुजणारच. घरच्यांना दिसायची ती सूज, म्हणून पट्टी आणखी आवळायची, आणि रक्त आणखी तुटायचं.

आमच्या डॉक्टर सरांनी हातातल्या डॉप्लरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रानं, मोजलं. दंडाचा दाब 150, घोट्याचा 60. गुणोत्तर 0.4. ते 0.8 च्या खाली असलं की पूर्ण दाबाची पट्टी बांधत नाहीत, इथं तर त्याच्या निम्मंच होतं. मधुमेह असता तर या आकड्यावरही भरवसा नव्हता, कारण कडक झालेल्या धमन्या दाब खोटाच जास्त दाखवतात. आबांची साखर ठीक निघाली. सरांनी मिरजेच्या व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनच्या नावानं लगेच चिठ्ठी दिली.

सून दारातूनच म्हणाली, "पट्टीच बांधायची नाही, तर मामांजींची जखम झाकायची कशानं?" प्रश्न रास्त होता. चिकटपट्टी तर आबांच्या कागदासारख्या कातडीला लावायचीच नव्हती. ओल्या जखमेवर न चिकटणारं ड्रेसिंग ठेवलं, काळी तशीच कोरडी झाकली. वरून ट्यूब बँडेजच घातलं, पण दुसऱ्या जातीचं: मऊ, हलकं, आवळत नाही, फक्त ड्रेसिंग जागेवर धरतं. त्याच्या रोलवर रंगीत रेघ असते, तिच्यावरून माप कळतं. आबांना निळ्या रेघेचं बसलं. बोटं उघडी ठेवली, गुडघ्याखाली दोन बोटं जागा सोडली, आणि जास्तीचं दुमडायचं नाही, कापायचं, हे सुनेकडून दोनदा वदवून घेतलं.

मिरजेला धमनी फुग्यानं मोकळी केली. आबा परत आले तेव्हा पाऊल कोमट होतं आणि गुणोत्तर 0.85. सरांनी दाबाची पट्टी सुरू केली, तीही हलक्या दाबापासून, दर खेपेला बोटं बघून. काळी जखम भरायला बराच वेळ लागला. बिडी सुटायला त्याहून जास्त, आणि ती पूर्ण सुटली असं मला आजही वाटत नाही.

मुलानं ते 'सी'चं खोकं पिशवीतून काढलं. "हे आता फुकट गेलं म्हणायचं?" त्याचाही हात मागावरच चालतो, दुखरं मनगट धरून होता. मी त्याच्या मनगटाला मापाची टेप लावली.