गळती बुजवताना

तपासायला आलेली पॅचमालिका, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, छोटीच होती. लिनक्स कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एका इथरनेट ड्रायव्हरमधल्या मेमरी लीकच्या, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडण्याच्या, तीन दुरुस्त्या. असे पॅच दोन-चार ओळींचे असतात, म्हणून घाईत मंजूरही होतात. मला मात्र साफसफाईच्या ओळी वाचायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

पहिला पॅच बिनचूक होता. प्रोब (ड्रायव्हरला कार्डाशी जोडणारं फंक्शन) फसल्यावर गोटू (कोडमधली उडी) चुकीच्या लेबलवर जात होतं आणि डीएमए बफर (कार्ड थेट वाचतं-लिहितं ती मेमरी) न सोडता तसाच राहत होता.

अडलो ते दुसऱ्यापाशी. ट्रान्समिट रिंग (पाठवायच्या पॅकेटची रांग) भरलेली असली की पॅकेट पाठवणारं फंक्शन 'नेटडेव्ह_टीएक्स_बिझी' परत करत होतं. इथे एसकेबी (पॅकेट धरणारं कर्नेलचं स्ट्रक्चर) गळतोय असं समजून पॅचमध्ये त्याआधी तो फ्री केला होता, म्हणजे त्याची मेमरी सोडली होती. पण बिझी म्हटलं की एसकेबीची मालकी नेटवर्क स्टॅककडेच (ड्रायव्हरला पॅकेट देणाऱ्या कर्नेलच्या भागाकडेच) राहते. स्टॅक तो पुन्हा रांगेत लावतो आणि नंतर परत ड्रायव्हरच्या हाती देतो. म्हणजे गळती नव्हतीच, तिथे आता यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेली मेमरी पुन्हा वापरणं! खरी गळती थोडी खाली होती. डीएमए मॅपिंग फसल्यावर ड्रायव्हर 'ओके' सांगून मोकळा होत होता. ओके म्हटल्यावर एसकेबीची जबाबदारी ड्रायव्हरची, तेव्हा फ्री तिथे हवं होतं.

तिसऱ्यात रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) फ्री_नेटडेव्ह घातलं होतं; ते नेट_डिव्हाइस, म्हणजे कार्डाचं कर्नेलमधलं स्ट्रक्चर, सोडतं. पण घातलं होतं क्लॉक (कार्डाचा घड्याळ-सिग्नल) बंद करण्याच्या आधी. क्लॉकचा पॉइंटर ड्रायव्हरच्या प्रायव्हेट स्ट्रक्चरमध्ये, आणि ते स्ट्रक्चर नेट_डिव्हाइसच्याच मेमरीत. घर पाडून मग आतला दिवा मालवायला जाण्यासारखं. कार्ड हाताशी होतं, म्हणून केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नेलचं साधन) चालू करून कर्नेल बांधला आणि ड्रायव्हर अनबाइंड केला, म्हणजे कार्डापासून सोडवला. लगेच रिपोर्ट आला: मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि सोडल्यावर कुठे वाचली, तिन्ही स्टॅक ट्रेस (फंक्शन-कॉलच्या साखळ्या) एकाखाली एक.

लीक वाईटच, पण त्याने मशीन हळूहळू जेरीस येतं. यूज-आफ्टर-फ्रीने भलत्याच कुणाचा डेटा बिघडतो, हल्लेखोराला वाटही मिळू शकते. म्हणून उत्तरात प्रत्येक आक्षेपाचं कारण सविस्तर लिहिलं.

सुधारित मालिकेत फ्रीची ओळ डीएमएच्या शाखेत गेली, फ्री_नेटडेव्ह सगळ्यात शेवटी आलं. दुसऱ्या पॅचचा 'फिक्सेस' टॅगही (चूक कोणत्या बदलाने आली ते सांगणारी ओळ) मी बदलायला लावला, कारण दुरुस्ती कोणत्या स्टेबल आवृत्त्यांत न्यायची हे त्यावरून पाहतात. अनबाइंड पुन्हा चालवलं, केएसॅनने तक्रार केली नाही, आणि मी तिन्हींना 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे तपासून पसंत केल्याची नोंद, दिलं.