भाव

रविवार, रात्री

दुपारपासून पाऊस एकसारखा लागला आहे. संध्याकाळी गेलेली वीज अजून आलेली नाही, म्हणून मेणबत्ती लावून बसलो आहे. ही आत डोळे मिटून पडली आहे. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाचा श्वाससुद्धा ओळखीचा होतो, आणि आत्ता आतून ऐकू येतोय तो जागेपणीचा आहे.

बुधवारी रिपोर्ट मिळणार. गेल्या सोमवारी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात हिच्या गाठीतला तुकडा काढून तपासायला दिला. तेव्हापासून घरात त्या विषयावर कोणी मोठ्याने बोलत नाही. पुण्याहून मुलगी रोज रात्री फोन करते आणि "आई जेवली का?" एवढंच विचारते.

आज चर्चमधल्या उपासनेनंतर मंडळीतले एक वयस्कर बंधू घरी आले. मनाने चांगले, प्रार्थनेचे माणूस. हिने चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "दवाखान्याच्या पायऱ्या किती चढणार? विश्वास असेल तर इथेच थांबा आणि देवाला काम करू द्या. आसा राजाचं काय झालं ते वाचा. दुसरं इतिहास, सोळावा अध्याय, बारावं वचन." मला उत्तर सुचलं नाही. ही पदराला हात पुसत दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला.

ते गेल्यावर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसलो. वचन आहे तसंच आहे. राज्याच्या एकोणचाळिसाव्या वर्षी यहूदाचा राजा आसा याच्या पायांना रोग झाला, तो फार वाढला, तरी दुखण्यात तो परमेश्वराला शरण गेला नाही, वैद्यांकडे गेला. बंधूंनी सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पण हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला एक सवय असते, शेवटच्या ओळीवर त्याचा विश्वास बसत नाही. आकडा आला कुठून, हे बघायला तो मागची पानं चाळतो. म्हणून मी चौदाव्या अध्यायापर्यंत मागे गेलो.

तिथला आसा वेगळाच आहे. जेरह कूशी दहा लाखांचं सैन्य आणि तीनशे रथ घेऊन चालून येतो, आणि आसा उभ्या रणात देवाला हाक मारतो: आमची भिस्त तुझ्यावर आहे, तुझ्या नावाने आम्ही या समुदायावर चालून आलो आहोत. तो जिंकतो. मग बरीच वर्षं शांततेत जातात. छत्तिसाव्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा रामा बांधायला घेतो, म्हणजे यहूदाची नाकेबंदी करायला निघतो. या वेळी आसा हाक मारत नाही. मंदिराच्या आणि राजवाड्याच्या भांडारातलं सोनंरुपं काढतो, अरामाचा राजा बेन-हदाद याच्याकडे पाठवतो आणि त्याला बाशाच्या पाठीवर घालतो. आदल्याच अध्यायात आसाने स्वतःच्या हातांनी त्या मंदिरात सोनंरुपं अर्पण केलेलं असतं.

आणि डाव जमतो! इथे मी थबकलो. आजवर हा भाग कितीदा वाचला असेल, पण हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. बाशा काम टाकून निघून जातो. आसा रामाचे दगड आणि लाकडं उचलून आणतो आणि त्यातून दोन गावं बांधतो, गेबा आणि मिस्पा. खर्च वसूल. माझ्यासारख्या माणसाने ही वही तपासली असती तर खाली बिनदिक्कत सही केली असती. नेमका त्याच वेळी हनानी द्रष्टा येऊन सांगतो की तू परमेश्वरावर भिस्त न ठेवता अरामाच्या राजावर ठेवलीस, हा मूर्खपणा झाला. आसा चिडतो आणि हनानीला बंदीत टाकतो.

पायांचा रोग त्यानंतरचा आहे. वैद्याकडे जाण्यात पाप असतं तर प्रेषित पौलाने आपल्या पत्रात लूकला प्रिय वैद्य म्हटलं नसतं. आसाचं बिघडलं ते तीन वर्षं आधी, आणि तेही सगळं सुरळीत चाललेलं असताना. दुखणं आलं तोवर हाक मारायची सवयच मोडली होती.

पाळकसाहेबांनी एकदा वचनाच्या अभ्यासात सांगितलं होतं की नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात "आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस" असं जे आहे, तिथला मूळ हिब्रू शब्द टेकण्याचा आहे. काठीवर अंग टाकून टेकतात तसं. आसाच्या गोष्टीत चौदाव्या आणि सोळाव्या अध्यायांत जी भिस्त येते, तोही तोच शब्द. तेव्हा मी वहीत टिपून ठेवलं होतं आणि विसरलो होतो. बुद्धी वापरू नकोस, असं नीतिसूत्रं सांगणारा शलमोन कुठेच म्हणत नाही. अर्धंअधिक पुस्तक तर तो बुद्धी मिळव म्हणूनच सांगतो. तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकू नकोस, एवढंच त्याचं सांगणं आहे.

बुधवारी आम्ही बांबोळीला जाणार. हिला हे सकाळी सांगेन. मी गप्प बसलो याचं तिला वाईट वाटलं असणार.

सोमवार

सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं तुम्ही मागची पानं काढणार." मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पण आसाचं बघितलंत तसं आपलंही बघा एकदा."

आपलं म्हणजे गाड्यांचं. त्याबद्दल आजवर मी नीट कधी लिहिलेलं नाही.

नगरहून फोंड्याला आलो तो एका खाण-वाहतुकीच्या कचेरीत हिशेबनीस म्हणून. टिस्क-उसगावच्या रस्त्यावर तेव्हा लाल धुळीतून ट्रकांची रांग दिवसभर सरकत असायची. लोहखनिजाचा माल जेटीवर, जेटीवरून बार्जमध्ये, बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगावला आणि तिथून चीनला. चीनमध्ये आमच्या हलक्या मालालाही गिऱ्हाईक होतं. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर माल बाहेर गेला. कोणत्या गाडीच्या दिवसाला किती खेपा होतात, डिझेल किती लागतं, टायर किती महिने टिकतात, हे सगळं माझ्याच हाताखालून जात होतं. गाडीवाल्यांची बिलं मी काढायचो आणि त्यांचे बंगले उठताना बघायचो.

२०१० च्या दिवाळीत मी ताळेबंद मांडला. दोन टिपर, बँकेचं कर्ज, भविष्यनिर्वाह निधीतली उचल, नगरच्या वडिलोपार्जित जागेचे कागद तारण. चार वर्षांत कर्ज फिटत होतं आणि पाचव्या वर्षापासून सगळं आपलं. कागद इतका नीट होता की कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. रात्री कौटुंबिक प्रार्थनेत मी तो देवापुढे ठेवला. आमेन म्हटल्यावर हिने विचारलं, "अहो, तुम्ही देवाला विचारताय की सांगताय?"

मला राग आला. मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य मी बोललो ते आजही माझ्या कानात आहे. खरं तर तिला बरोबर कळलं होतं. मी कागद पुरा करून आणला होता आणि प्रार्थना म्हणजे त्याखाली देवाची सही घ्यायची, एवढंच माझ्या मनात होतं.

दीड वर्ष सगळं कागदाप्रमाणे झालं. हप्ते वेळेवर गेले. मंडळीत मी साक्षही दिली, प्रभूने आशीर्वादित केलं म्हणून. आसाच्या गेबा-मिस्पासारखंच होतं ते, हे मला काल रात्री कळलं. त्या दीड वर्षात माझी सकाळची प्रार्थना आधी आखडत गेली आणि पुढे बंदच पडली. गरजच भासत नव्हती. पहाटे उठून मी आधी मालाचा भाव बघायचो.

२०१२ च्या पावसाळ्यात गाड्या नेहमीप्रमाणे उभ्या होत्या. हंगामासाठी नवे टायर घातले, फाळके रंगवून घेतले. चवथीच्या आधी, १० सप्टेंबरला, सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि वाहतूकही थांबली. आधी सगळेच म्हणत होते, महिन्याभरात सुरू होईल. मीही नवा कागद मांडला, सहा महिने बंद राहिलं तर काय. मग एक वर्षाचा मांडला. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, तोवर माझा एक टिपर विकून झाला होता आणि नगरची जागा गेली होती. दुसऱ्या टिपरच्या चाकांना घाणेरीने वेढलं होतं. तोही पुढे मिळेल त्या किमतीला दिला. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने खाणींच्या ८८ लिजा रद्द केल्या आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या. त्या दिवशी आमच्या अंगणात काहीच उरलं नव्हतं, म्हणून आम्हाला झळ लागली नाही. आमच्या गल्लीतल्या अनेकांना लागली.

खाणी बंद पडल्या म्हणून देवाने मला धडा शिकवला, असं मी म्हणणार नाही. हजारो घरांची चूल विझली. त्यात माझ्याहून कितीतरी विश्वासू माणसं होती आणि माझ्या एकट्याच्या शिकवणीसाठी देव एवढ्यांना पणाला लावेल, हे मला पटत नाही. खाणी बंद पडल्या त्याची कारणं वेगळी आहेत, ती न्यायालयाच्या निकालात लिहिलेली आहेत. मी सांगतोय ते एवढंच, की त्या दिवसांत मी उभा राहायला गेलो तेव्हा पायांखाली काही नव्हतं. गाड्या चालत असत्या तरी ते नव्हतंच, फक्त मला कधी कळलं नसतं.

हिने तेव्हा ब्लाउज शिवायला घेतले. रात्री बारा-एकपर्यंत मशीन चालायची. मी समोर बसून काजं करायचो. बोट टोचून घ्यायचो. एका रात्री तिने मशीन थांबवली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आज मागायचं काहीच नको. नुसतं त्याच्याजवळ बसू या." आम्ही बसलो. किती वेळ ते आठवत नाही. माझी खरी प्रार्थना तिथून सुरू झाली असं मी धरतो.

मंगळवार, रात्री

उद्या पहाटेच्या कदंब बसने निघायचं.

आज एक गोष्ट लपवून ठेवावीशी वाटत होती, पण लिहितो. गुरुवारी मी पुन्हा कागद मांडला होता. जुन्या खातेवहीतलं पान फाडून मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला "चांगलं निघालं तर", उजव्या बाजूला "वाईट निघालं तर". मोबाइलवर वाचून कोणत्या टप्प्याला किती टक्के, कोणत्या औषधाने किती वर्षं, असं सगळं उतरवून काढलं. पान भरलं तरी छातीवरचं दडपण तसूभर हललं नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यात आहेत, ते मी उद्या विचारणार आहे आणि ते विचारलेच पाहिजेत. पण मी त्या पानाशी विचारायला गेलो नव्हतो. टेकायला गेलो होतो.

आज दिवसभर डोक्यात एकच शब्द घोळतोय. आमच्या मराठी शास्त्रात नीतिसूत्रांतलं ते वचन असं आहे: "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव." विश्वास म्हटलेलं नाही, भाव म्हटलंय. आयुष्यभर मी भाव हा शब्द दिवसाला शंभर वेळा उच्चारला. मालाचा भाव, डिझेलचा भाव, काय भावाने गेला. त्याचा दुसरा अर्थ देवळात जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना माझ्याआधी ठाऊक होता, देव भावाचा भुकेला असं ते सहज बोलून जातात. आणि पलीकडच्या कॅथलिक घरातली माणसं कोकणीत श्रद्धेला भावार्थच म्हणतात. इथल्याच साष्टीत, राशोलला, १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, ते मराठी ओव्यांमध्ये. चारशे वर्षं झाली, या भूमीवर येशूचं नाव आमच्या भाषेत गायलं जातंय. शब्द तर घरातच होता. मी त्याला बाजारात उभा करून ठेवला होता.

बाजारातला भाव चढतो आणि पडतो, आणि माणूस तो पाहून ठरवतो, घ्यायचं की सोडायचं. बुधवारचा रिपोर्ट चांगला आला तर देवावरचा माझा भाव चढणार आणि वाईट आला तर पडणार, असं असेल तर मी अजून त्या कचेरीतच बसलोय.

हे सगळं लिहिलं म्हणून भीती गेली असं नाही. भीती आहे. दुपारी हिचे केस विंचरून दिले, वेणी घालताना हात थरथरत होता. तिने मागे हात नेऊन माझं मनगट धरलं आणि तसंच थोडा वेळ धरून ठेवलं. अब्राहाम निघाला तेव्हा आपण कुठे जातोय हे त्याला माहीत नव्हतं, असं इब्री लोकांच्या पत्रात आहे. त्याची बायको सारा हिचा तिथे पुढे वेगळा उल्लेख येतो, पण निघायच्या दिवशी तिने सामान कसं बांधलं असेल, हे मला आज पहिल्यांदाच मनात आलं.

संध्याकाळी पलीकडच्या कॅथलिक घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होता. खिडकीतून आवाज येत होता आणि मध्येच हिचं नाव ऐकू आलं. आमची मंडळी वेगळी, त्यांची वेगळी, जपमाळ आम्ही म्हणत नाही. ही खिडकीशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. नंतर त्या घरच्या म्हाताऱ्या बाय छत्री घेऊन आल्या आणि उद्याच्या प्रवासासाठी केळी देऊन गेल्या. ही त्यांना म्हणाली, "देव बरें करूं." गोव्यात आभार मानायची ही रीतच आहे, दुकानातही म्हणतात, बसमध्येही म्हणतात. आज मात्र दोघी ते म्हणून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

मघाशी ही पाववाल्या पोदेरासाठी चिठ्ठी लिहायला कागद शोधत होती. फाटकावर पिशवी अडकवून ठेवतो त्यात घालायला. टेबलावर माझं ते पान पडलं होतं, तिने ते उलटं केलं, कोरी बाजू वर घेतली आणि पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी बघत होतो. तिला खालची बाजू माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही. पिशवीला प्लास्टिक गुंडाळून ती भर पावसात फाटकापर्यंत जाऊन आली.

उद्या नको. परवा ६ पाव.