रिकामी बाटली

स्टुटगार्टला गेले त्या पहिल्या महिन्यात मी पाण्याच्या बाटल्या इमानेइतबारे चेचत होते. पाणी संपलं की झाकण काढायचं, बाटली पिळायची, टाचेखाली घालून सपाट करायची. सवय आपल्याकडची. बाटलीवर छापलेलंच असतं, वापरून झाल्यावर चिरडून टाका म्हणून. नाहीतर कोणीतरी नळाचं पाणी भरून तीच पुन्हा विकायची. अशा वीसेक चपट्या बाटल्या मी पिशवीत भरून सुपरमार्केटात नेल्या आणि तिथल्या यंत्रानं त्या एकेक करून माझ्याकडे परत ढकलल्या.

जर्मनीत पाणी विकत घेताना बाटलीचे 25 सेंट वेगळे लावतात. 'फांड' म्हणतात त्याला, म्हणजे आपलं डिपॉझिट. बाटली आणून दिली की पैसे परत. पत्र्याच्या डब्यांनाही हाच नियम, 2003 पासून. बिअरच्या पुन्हा भरायच्या काचेच्या बाटलीला मात्र फक्त 8 सेंट. दुकानाच्या भिंतीत एक गोल भोक असतं, त्यात बाटली आडवी सरकवायची. आत ती गरगर फिरते आणि यंत्र तिला मुलगी बघायला आल्यासारखं सगळीकडून न्याहाळतं. लेबल फाटलेलं, अंगाला पोचा, बारकोड वाचता येत नाही, नापसंत! माझ्या वीसच्या वीस नापसंत ठरल्या. पाच युरो. मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आता मी बाटली तान्ह्या बाळासारखी सांभाळून घरी आणते. शनिवारी संध्याकाळी त्या यंत्रापुढे रांग असते, कारण रविवारी दुकानं बंद. पुढचा माणूस पोतंभर बाटल्या घेऊन उभा असला की मीही आता तिथल्यासारखीच, आवाज न करता, नाकातून सुस्कारा सोडते. भाषा यायला मला तीन वर्षं लागली, सुस्कारा त्याच्या आधी आला.

बरण्यांची गोष्ट वेगळी. जॅमच्या, लोणच्याच्या काचेच्या बरण्यांना तिथे डिपॉझिट नाही. त्या कोपऱ्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या. पांढरी काच एकीत, हिरवी दुसरीत, तपकिरी तिसरीत. त्यातही रविवारी टाकायच्या नाहीत, काच फुटल्याचा आवाज होतो. एका रविवारी मी टाकायला गेले तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून नुसतं बोट हलवलं. बास, बरण्या घेऊन घरी परत.

हे मी सांगलीला आईला कौतुकानं सांगितलं. तिला शिस्तीचं काडीचं कौतुक वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "झाकणासकट टाकलीस?"

मग दर वेळी येताना सहा रिकाम्या बरण्या आणायच्या असं ठरलं. मोज्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. परक्या देशातून लेक काय घेऊन आली, तर रिकाम्या बरण्या! जाताना त्याच भरून जातात: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, बाजारातून आणून घरी दळलेली हळद. भडंग बरणीत मावत नाही, त्याची वेगळी पिशवी, आणि ती विमानातच उघडली जाते.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराचं पाणी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात शिरलं. मी तिकडे मोबाईलवर आयर्विन पुलाची पातळी बघत बसले होते. 45 फुटाला धोका. पाणी 57 च्या वर गेलं. आई-बाबा विश्रामबागला मावशीकडे होते म्हणून जिवाला घोर नव्हता, पण आकडा बघायचं थांबवता येत नव्हतं. पाणी उतरल्यावर आईनं खालच्या फळीवरचं सगळं प्लॅस्टिक फेकून दिलं. काचेच्या बरण्या मात्र चिखलातून काढून, उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात पालथ्या घातल्या. फोनवर म्हणाली, "जर्मनीच्या झाकणांना गंज नाही बघ."

आईकडे डिपॉझिटचं यंत्र नाही, भंगारवाला आहे. पंधरा दिवसांनी त्याची हातगाडी बोळात आली की ती जिन्याखालचं पोतं ओढते. मग सुरू होतं.

"मावशी, प्लॅस्टिकचा भाव पडलाय."
"तुझा कधी चढलेला असतो रे?"
"काटा बघा की, तुमच्यासमोर धरलाय."
"काट्याखालचं बोट काढ आधी."

दहा मिनिटांच्या या भांडणातून आईला जे पैसे मिळतात ते कोथिंबिरीला पुरतात. पण तोवर त्याच्या मुलीची दहावी, आईचा गुडघा आणि समोरच्यांनी घर विकायला काढल्याची बातमी असा सगळा व्यवहार झालेला असतो. तिकडचं यंत्र छापील चिठ्ठी देतं. हिशेब चोख, पण गुडघ्याचं विचारत नाही. अर्थात गाडी महिनाभर आली नाही आणि पोतं जिन्याखाली वास मारायला लागलं, की मला त्या यंत्राचीच आठवण येते, हेही कबूल करायला हवं.

तिकडची एक रीत मात्र माझ्या हाताला कायमची चिकटली आहे. रस्त्यात बाटली संपली आणि दुकान लांब असेल, तर बरेच लोक ती कचराकुंडीत टाकत नाहीत, कुंडीच्या शेजारी उभी करून ठेवतात. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं तिथेही आहेत, त्यांत म्हातारीही बरीच. त्यांना कुंडीत हात घालायला लागू नये, एवढ्यासाठी. कोणी कोणाला काही देत नाही, घेत नाही, बाटली नुसती उभी असते. आमच्या स्टेशनबाहेर एक आजोबा स्वच्छ इस्त्रीच्या कोटात येतात, बाटली उचलतात, उजेडात धरून पोचा नाही ना बघतात आणि पिशवीत अलगद ठेवतात.

परवा सांगलीच्या एसटी स्टँडवर तासगावच्या गाडीची वाट बघत होते. पाणी संपलं. कुंडी समोरच होती. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, लेबल नीट केलं, कुंडीच्या कडेला ती उभी केली आणि गाडीकडे निघाले.

मागून पळत पळत दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आला, धापा टाकत. "ओ काकू! बाटली राहिली की तुमची!"

"रिकामी आहे रे. मुद्दाम ठेवली."

त्यानं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग अशी कशापायी ठेवायची?" म्हणाला. झाकण काढलं, बाटली खाली आडवी टाकली आणि टाचेनं फाडकन चपटी करून कुंडीत भिरकावली.

पंचवीस सेंट, माझ्या मनात आलंच.