पहाटे साडेपाचच्या आधीचं दूध

"मॅडम, आक्का काय ऐकंनात. तुम्हीच बोला त्यांच्याशी," असं म्हणून सचिव अण्णांनी फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. पलीकडून म्हातारा, पण ठणठणीत आवाज आला. "पोरी, सात तारखेला सकाळी मी दूध घातलंय. चिठ्ठी हाय माझ्याकडं. तुझ्या मशिनीत खाडा कसा लागला?"

जानेवारीची 11 तारीख होती. दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिल निघतं, आणि 1 ते 10 चं बिल त्याच सकाळी फळ्यावर लागलं होतं. कोल्हापूरच्या आसपासच्या काही दूध संस्थांसाठी आम्ही राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसातून वेब ॲप चालवतो. काट्यावर दूध मोजलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागलं की सचिव आकडे भरतात, सभासदाला चिठ्ठी मिळते, आणि दहा दिवसांनी पशुखाद्याची कपात वजा होऊन बिल तयार होतं. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईला हे बिल म्हणजे काय असतं, ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

मी आक्कांना म्हटलं, "बघते मी, आजच बघते." खरं सांगायचं तर तेव्हा माझी खात्री होती की घोटाळा काट्यावरच झाला असणार. कोड चुकीचा टाकला असेल, दुसऱ्याच्या नावावर दूध गेलं असेल.

त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून आम्ही सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. आधी ॲप आणि डेटाबेस आमच्या ऑफिसातल्याच एका मशीनवर होतं. वीज गेली, इन्व्हर्टर संपला की संस्था बंद, म्हणून क्लाउडवर मुंबईतला सर्व्हर घेतला. 31 डिसेंबरच्या रात्री तो चढवताना नेहमीच्या अडचणी आल्याच. आधी 502 ही एरर आली, कारण बाहेरून आलेली मागणी ॲपकडं पोचवणारं एनजिनएक्स 3000 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, ॲप शोधत होतं आणि ॲप 8080 वर ऐकत बसलं होतं. मग डेटाबेसचा पासवर्ड ॲपच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या त्याच्या सेटिंगमध्ये, पोचलाच नव्हता. या चुका अर्ध्या तासात निघाल्या, कारण त्या ओरडून सांगत होत्या. पडदा लाल, लॉगमध्ये ओळीच्या ओळी. पहाटे चारला सगळं हिरवं झालं आणि आम्ही झोपायला गेलो.

आक्कांच्या तक्रारीत काहीच लाल नव्हतं. लॉगमध्ये एकही एरर नाही. मी ऑफिसात साडेअकराला चाचणीचा सभासद घेऊन सकाळची नोंद केली, संध्याकाळची केली, दोन्ही बरोबर पडल्या. लॅपटॉपवर केली, बरोबर. अण्णांना ब्राउझर बदलायला लावला, कॅशे साफ करून घेतला. तेवढ्यात ते सहज बोलून गेले, "तसं सकाळी यादीतलं लिटर कॅनपेक्षा कमीच दिसतंय हल्ली. पण मी म्हटलं नेट स्लो असंल, दुसऱ्या दिवशी बघतोय तर बरोबर आल्यालं असतंय." हे वाक्य मी तिथंच पकडायला हवं होतं. मी ते नेटच्या खात्यावर टाकून दिलं.

माझा संशय वेगळ्याच ठिकाणी होता. पावसाळ्यात गावात नेट येत-जात होतं तेव्हा एकच नोंद दोनदा पोचायची. त्यावर उपाय म्हणून मी नियम लिहिला होता: सभासद, तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि गाय की म्हैस हे चारही सारखे असतील तर नवी ओळ करायची नाही, आधीच्या ओळीवरच नवे आकडे लिहायचे. तो नियम चुकीचं काही पुसतोय का, हे मी दुपारभर तपासत राहिले. नियम लिहिल्याप्रमाणेच वागत होता. शेवटी अण्णांना फोन केला, "उद्या पहाटे मीच येते काट्यावर."

12 तारखेला चारला निघाले. सीपीआर हॉस्पिटलवरून शिवाजी पुलावर आले तर पंचगंगेवर दाट धुकं होतं. पुढं पन्हाळ्याच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक, मागच्या ट्रॉलीला दिवा नसलेले. पावणेपाचला संस्थेत पोचले तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि किटल्या घेऊन चार-पाच माणसं उभी होती. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी पोरं सगळ्यात आधी येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आक्का मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं टेबलावर ठेवला. नातीनं तारखेप्रमाणं लावून दिलेला. थर्मल कागद, काही चिठ्ठ्यांवर दुधाचे थेंब वाळून अक्षरं फिकी झालेली. 6 तारखेची चिठ्ठी: सकाळ, 5 वाजून 50 मिनिटं, म्हैस, 4.6 लिटर, फॅट 7.1. 7 तारखेची: सकाळ, 5 वाजून 18 मिनिटं, 5.2 लिटर, फॅट 6.8. "सातला पोराची पहिली पाळी हुती शिरोलीला," आक्का म्हणाल्या, "जाता जाता त्यानंच किटली आणून ठेवली, म्हणून लवकर."

मी फोनवर त्यांचं खातं उघडलं. 7 तारखेला खाडा. आणि 6 तारखेला 5.2 लिटर, फॅट 6.8.

सात तारखेचं दूध सहावर लिहिलं गेलं होतं. आणि सहा तारखेचं 4.6 लिटर कुठंच नव्हतं.

मी अण्णांना म्हटलं, आता प्रत्येक नोंद झाली की आजची यादी उघडून दाखवा. 5 वाजून 4 मिनिटांनी पहिलं दूध मोजलं. ॲनलायझरनं नमुना ओढून घेतला, फॅट आलं, चिठ्ठी निघाली, चिठ्ठीवर 12 तारीख. यादी रिकामी. दुसरा सभासद, यादी रिकामी. असे अकरा जण झाले. मग 5 वाजून 31 मिनिटांनी एक बाई आल्या, त्यांचं दूध घेतलं, आणि त्यांचं नाव यादीत पहिल्या नंबरावर आलं. त्यानंतरचं प्रत्येक नाव बिनचूक येत गेलं.

साडेपाच. तिथं त्या बाकावर बसल्याबसल्या माझ्या पोटात गोळा आला, कारण हा आकडा कुठून येतो ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही कळेल. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरची. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 330 मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. जागतिक वेळेच्या, यूटीसीच्या, आपण तेवढे पुढं. आपल्याकडं पहाटेचे 5:18 वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे 11:48 झालेले असतात. क्लाउडवरचा सर्व्हर मुंबईत असला तरी त्याचं घड्याळ सहसा यूटीसीवरच लावलेलं असतं, आणि आमचा तसाच होता.

नोंदीची तारीख आमच्या ॲपमध्ये डेटाबेसच भरायचा, 'करंट डेट' म्हणून. आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, ही तारीख स्वतःच्या टाइमझोनप्रमाणं ठरवतो. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर तो बसवताना मशीन भारतीय वेळेवर होतं, त्यामुळं कित्येक महिने सगळं बरोबर चाललं. नव्या सर्व्हरवर डेटा आला, टाइमझोन आला नाही. चिठ्ठीवरची तारीख मात्र काउंटरच्या कॉम्प्युटरची, म्हणून ती बरोबर. आणि माझ्या चाचण्या? मी त्या सगळ्या ऑफिसच्या वेळेत केल्या होत्या. दुपारी साडेअकराला ही चूक दिसणं शक्यच नाही. नोंदीची पूर्ण वेळ शेजारच्या रकान्यात होती, पण तो रकाना यादीत दिसत नाही, आणि मी आदला अख्खा दिवस यादीच बघत बसले होते.

त्याला माझा पावसाळ्यातला नियम येऊन मिळाला. एरवी चुकीच्या तारखेची दुसरी ओळ झाली असती, कुणाच्या तरी नजरेला पडली असती. नियमामुळं आदल्या दिवसाची ओळ गुपचूप पुसली जात होती.

सगळ्यात वाईट वाटलं ते एका दुसऱ्या सभासदाचं खातं बघून. हा गडी रोज पाच-सव्वापाचला येणारा. त्याच्या बिलात एकही खाडा नव्हता, दहाच्या दहा दिवस भरलेले. कारण त्याची प्रत्येक नोंद एकेक दिवस मागं सरकली होती, आणि 11 तारखेच्या दुधानं 10 तारखेची जागा भरली होती. फक्त 1 जानेवारीच्या दुधानं 31 डिसेंबरचं दूध पुसलं होतं. त्याची तक्रार नव्हती, येणारही नव्हती. त्याला ते दिसण्याची सोयच नव्हती.

सव्वासातला काटा बंद झाला, साडेसातला गाडीनं कॅन उचलले, आणि मी ऑफिसात आले. सहकारी म्हणाला, सर्व्हरचं टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करू, रीस्टार्ट मारू, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. उद्या पुन्हा सर्व्हर बदलला की पुन्हा हेच होणार. काउंटरच्या घड्याळावरही विसंबता येत नाही, जुन्या कॉम्प्युटरची सेल उतरली की तारीख भलत्याच सालात जाते. म्हणून वेळ यूटीसीतच साठवायची आणि दुधाची तारीख त्या वेळेवरून, भारतीय वेळेचं नाव घेऊन, आमच्या कोडनंच काढायची असं ठरवलं. सर्व्हर कुठल्याही घड्याळावर असो. नियमही बदलला: आता प्रत्येक नोंदीला काउंटरवरच स्वतःचा क्रमांक मिळतो. तोच क्रमांक पुन्हा आला तरच ती दुबार धरायची, नाहीतर काहीही पुसायचं नाही, सचिवांना विचारायचं.

उरला पुसलेला डेटा. रोज रात्री दोनला बॅकअप होतो, तिथून काढू, असं मी धरून चालले होते. फाइल्स उघडल्या तर वेळ सकाळी साडेसातची. ठरल्या वेळी बॅकअप चालवणारा क्रॉनही यूटीसीवर! क्षणभर हात थंड पडले. मग कागदावर मांडून बघितलं. काटा सव्वासातला बंद होतो. म्हणजे 6 तारखेच्या साडेसातच्या बॅकअपमध्ये आक्कांची 5:50 ची नोंद असणार, ती पुसली गेली 7 ला पहाटे. फाइल वेगळ्या डेटाबेसवर उतरवली आणि शोधलं: 4.6 लिटर, फॅट 7.1. चिठ्ठीशी तंतोतंत. 31 डिसेंबरसाठी जुन्या मशीनवरची शेवटची प्रत होती.

मूळ डेटाबेसला हात न लावता आधी त्याची प्रत काढली. पहाटेच्या सगळ्या नोंदींच्या तारखा त्या प्रतीवर सरकवल्या, त्याही शेवटच्या दिवसापासून मागं येत, नाहीतर त्या एकमेकींवर आदळल्या असत्या. मग रोजच्या बॅकअपमधून हरवलेल्या ओळी परत आणल्या, सगळ्या संस्थांच्या. रात्री अकराला बेरजा कॅनच्या चलनाशी लावून बघितल्या, तेव्हा कुठं खऱ्या डेटाबेसवर चालवलं. प्रत्येक संस्थेला फरकाची यादी पाठवली आणि चूक आमची, काउंटरवरच्या कुणाचीही नाही, हे त्यात पहिल्या ओळीत लिहिलं. अण्णांवर गावात उगाच संशय आला होता, तो तसाच राहू देणं मला जमलं नसतं.

14 ला संक्रांत. पुन्हा चारला निघून काट्यावर गेले. 4 वाजून 58 मिनिटांनी पहिली किटली आली, तो रोज लवकर येणारा गडीच होता. अण्णांनी यादी उघडली. त्याचं नाव, 14 तारीख, पहिल्या नंबरावर. मी त्याला 31 डिसेंबरचं सांगितलं. तो फळ्यापाशी गेला, फरकाच्या यादीत स्वतःच्या नावावरून बोट फिरवत बघून आला आणि म्हणाला, "मला तर काय कळलंच नव्हतं की ओ."

आक्का सहाच्या सुमारास आल्या, या वेळी नातीला घेऊन. नातीनं यादीतली 6 तारीख वाचली, चिठ्ठी वाचली. मग 7 तारीख, आणि चिठ्ठी. आक्कांनी गठ्ठ्याला पुन्हा रबर लावलं आणि पिशवीत ठेवून दिला.