हं म्हण

मे महिन्यातली दुपार, आमरस पोळी खाऊन सगळे आडवे झालेले, मी सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन, आणि एकदम खोलीत कोणीतरी जर्मनमधे बोलायला लागलं. दचकून उठलो तर भाचा फरशीवर पालथा पडलाय, त्याच्यासमोर कापड चढवलेला एक गुबगुबीत ठोकळा, ठोकळ्याला दोन कान आणि डोक्यावर बोटभर उंचीचं अस्वल उभं. बोलत होता तो ठोकळा. भाच्याने अस्वल उचललं की गप्प, ठेवलं की परत सुरू. असं त्याने माझ्यासमोर पाच सहा वेळा करून दाखवलं, म्हणजे मामाला कळलं नसेल तर.

धाकटी बहीण श्टुटगार्टला असते. भाचा चार वर्षांचा. तिकडे घरोघरी हा टोनीबॉक्स असतो म्हणे, ड्युसेलडॉर्फच्या एका कंपनीने २०१६ मधे बाजारात आणला. मोठा कान दाबला की आवाज वाढतो, छोटा दाबला की कमी होतो, आणि कुशीला एक चापट मारली की पुढची गोष्ट. चापट आम्ही पण मारायचो, टीव्हीला, पण ती मुंग्या घालवायला.

भाच्याची पक्की समजूत की गोष्ट अस्वलाच्या पोटात आहे. खरं तर अस्वलाच्या बुडाशी फक्त एक चिप असते, ती डब्याला आपलं नाव सांगते, मग डबा पहिल्यांदा वायफायवरून गोष्ट उतरवून घेतो आणि नंतर नेट नसलं तरी ऐकवतो. हे मी त्याला समजावून सांगायला गेलो तर त्याने अस्वल कानाला लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून दिला.

शेजारच्या वहिनींनी हा प्रकार बघितला आणि त्यांना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीसाठी असंच काहीतरी हवं झालं, कारण ती मोबाईल दिल्याशिवाय घास घेत नाही. मोबाईल द्यायचा नाही हे त्यांनाही माहितीय, डब्ल्यूएचओने २०१९ मधेच सांगून ठेवलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर तासभर स्क्रीन, त्याहून कमी तर उत्तमच. पण डब्ल्यूएचओला वरणभात भरवायचा नसतो. तर कुठलं घेऊ, असं त्यांनी मला विचारलं. मला! आणि मग काय, मी दोन दिवस तेच करत बसलो.

ब्रिटिशांचा योटो आहे, त्यात एटीएम कार्डासारखी गोष्टींची कार्डं सरकवायची, पण त्याला समोर ठिपक्यांचं बारकं चित्र दिसतं, मग तो स्क्रीनच ना थोडासा, असं मला आपलं वाटतं. आपल्याकडच्या दुकानात गेलो तर अर्धी खेळणी लाल निळे दिवे लावून किंचाळणारी. माझं एक खूळ आहे, मी कुठलंही बोलणारं खेळणं घेतलं की आधी त्याचा सगळ्यात लहान आवाज किती लहान आहे ते बघतो. मोठा सगळ्यांचाच होतो. दुकानदार म्हणाला, साहेब, आवाज एकच आहे. ठेवून दिलं. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का ते पण बघतो, नसला की ते पण परत. शेवटी वहिनींना म्हटलं, ज्यात आपला आवाज भरता येतो ते घ्या आणि फिरवायला एखादी खुंटी असली तर उत्तम. माझ्या वडिलांचा कारवां आहे, रेडिओसारखा दिसणारा, २०१७ मधे निघाला तो, पाच हजार गाणी भरलेला, भाचा त्याची खुंटी अर्धा अर्धा तास नुसती करकर फिरवतो. गाण्यांशी त्याला काही घेणंदेणं नाही.

बोलणाऱ्या खेळण्यांचं दुखणं तसं जुनंच आहे. एडिसनने १८९० मधे बोलणारी बाहुली काढली होती. पोटात छोटा फोनोग्राफ, पाठीला दांडी, दांडी फिरवायची की बाहुली बालगीत म्हणणार. तेव्हा एकावरून दुसरी कॉपी काढायची सोय नव्हती, त्यामुळे कारखान्यात मुली बसवल्या होत्या, दिवसभर तेच ते गीत एकेका बाहुलीसाठी नव्याने म्हणायच्या. आवाज इतका भेसूर यायचा आणि मेण इतक्या लवकर झिजायचं की काही आठवड्यांत विक्री बंद. मला त्या मुलींचंच वाटत राहतं. घरी जाऊन धाकट्या भावंडांना गोष्ट सांगायला त्यांच्या घशात काही उरत असेल का.

आमच्याकडे साताऱ्याला हे काम आजीकडे होतं. माजघरात शहाबादी फरशीवर ती उशाला हात घेऊन पडायची, आम्ही तीन चार जण तिच्या पोटाला चिकटून. दुपारी गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं म्हणून आधी नकार, मग आम्ही म्हणायचो चुकू दे, आणि मग सुरू. अट एकच, हं म्हणायचं. एक होती म्हातारी. हं. ती निघाली लेकीकडे. हं. हं थांबला की गोष्ट थांबली. पण खरी मजा व्हायची ती तिलाच डुलकी लागली की. म्हातारी भोपळ्यात बसली, भोपळा टुणुक टुणुक निघाला, वाटेत भेटला वाघ, आणि वाघ म्हणाला... वाघ म्हणाला... ज्वारी संपलीय, गिरणीतनं दळण आणायचंय. आम्ही तिला गदागदा हलवायचो. वाघ दळण कशाला आणेल? ती डोळे न उघडता म्हणायची, त्याला पण पोट आहे.

ही गोष्ट परत कधी तशी सांगितली नाही तिने. आम्ही दुसऱ्या दिवशी दळणाची गोष्ट सांग म्हणून मागे लागलो तर म्हणाली, असली कुठली गोष्ट?

डब्याचं तसं नाही. डबा रोज तीच गोष्ट त्याच सुरात सांगतो आणि मुलांना तेच तर हवं असतं, एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही त्यांना. फक्त त्याला हं लागत नाही. भाचा झोपून घोरायला लागला तरी तो आपला जर्मनमधे चालूच.

तर त्या डब्यासाठी कोरा टोनी, म्हणजे अस्वलासारखंच वर ठेवायचं बाहुलं, पण मिळतो, त्यात नव्वद मिनिटं आपलं आपण भरायचं. बहिणीने तो आणलाच होता, आईकडून मराठी गोष्टी भरून घ्यायला. एका दुपारी आईला मोबाईलसमोर बसवलं. (पोराला मोबाईलपासून लांब ठेवायचं म्हणून आम्ही चार मोठी माणसं मोबाईलभोवती कोंडाळं करून.) आई म्हणाली, एक होती म्हातारी. आणि थांबली. आम्ही म्हटलं बोल ना. ती म्हणाली, अरे हं कोण म्हणणार? मोबाईलला काय सांगू मी? तीनदा प्रयत्न झाला, तिन्ही वेळा तिथेच अडलं. शेवटी मला समोर बसवलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, हं हं करत.

सगळं नीट चाललं होतं. पण आमरसाचे दिवस, दुपारचे अडीच, आईचा आवाज, पंखा. म्हातारी लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड झाली इथपर्यंतचं मला आठवतंय. रेकॉर्डिंगमधे पुढे असं आहे की ती भोपळ्यात बसते, मग शांतता, मग आई म्हणते, ऐकतोयस ना रे? मग परत शांतता, लांबून कुकरची शिट्टी, आणि आई हळूच कोणाला तरी सांगते, झोपला वाटतं, असू दे.

बहिणीने तिकडे गेल्यावर फोन केला, आईकडून पुढचं भरून पाठव म्हणाली. मी पाठवलं पण. पण भाचा ते घालू देत नाही. त्याला हेच लागतं, रोज रात्री, आणि शिट्टी झाली की तो पांघरुणातून आईच्या आईला उत्तर देतो म्हणे, झोपला वाटतं, असू दे.

म्हातारी अजून भोपळ्यातच आहे.