सायकल, हेडफोन आणि मागून येणारी गाडी

तुम्ही ताशी २० किलोमीटरने चालला आहात आणि मागून गाडी ताशी ६० ने येतेय. म्हणजे दर सेकंदाला ती साधारण ११ मीटर जवळ येते. मोकळ्या कानांना ती ६० मीटरवर ऐकू आली, तर हातात पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ असतो. हँडल सरळ धरायला, पुढचा खड्डा टाळायचा की त्यातूनच जायचं हे ठरवायला तेवढा पुरतो. आता कानात गाणं लावा. मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या तीव्रतेचं माप) वाढतो. त्यामुळे गाण्यापायी तुमचा ऐकण्याचा उंबरठा १२ डेसिबलने वर गेला, तर तीच गाडी कानावर पडायला १५ मीटरवर यावी लागते. उरतो सव्वा-दीड सेकंद.

१२ डेसिबल घालवायला गाणं मोठ्याने लावायचीही गरज नाही. रबरी टोकाचे, कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरबड काहीही न वाजवता २० डेसिबल सहज अडवतात. त्यावर नॉइज कॅन्सलेशन चालू असेल तर विचारूच नका. हे तंत्र खालच्या पट्टीतले सलग आवाज फार छान कापतं: इंजिनाची घरघर, टायरचा घुमणारा आवाज. विमानात ते सुखाचं आहे, रस्त्यावर मात्र जे ऐकायचं तेच गायब होतं. हॉर्न त्यातूनही ऐकू येतो, मान्य. पण हॉर्न वाजवायचा की नाही हे मागचा ठरवतो, टायरचा आवाज त्याच्या मर्जीवर नसतो. आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तर इंजिनाचा आवाजच नाही. युरोपात नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना कृत्रिम आवाज सक्तीचा आहे, तोही ताशी २० किलोमीटरपर्यंतच. त्यापुढे भिस्त टायरवर. म्हणून दोन्ही कानांत घट्ट इअरबड घालून रहदारीत जाणं हा पर्याय मी सरळ बाद धरतो.

खरा घोळ वारा घालतो. ताशी २५ च्या पुढे कानाच्या पाळीभोवती भोवरे तयार होतात आणि त्यांची घरघर थेट कानात शिरते. घरात छान वाटलेलं गाणं त्यात बुडतं, मग बोट व्हॉल्यूमकडे जातं. पुढे चढ लागतो, वेग १२ वर येतो, वारा थांबतो, व्हॉल्यूम मात्र चढलेलाच राहतो. गाणं मोठं कधी झालं हे चालवणाऱ्याला कळतही नाही.

यावर उपाय एकच आहे: व्हॉल्यूम निघण्याआधी, उभ्याने, शांत जागी ठरवायचा आणि वाटेत वर न्यायचा नाही. किती ठेवायचा? मागचं चाक उचला, पॅडल मारून फिरवा आणि सोडा. फ्रीव्हीलची, म्हणजे पॅडल थांबल्यावरही चाक फिरू देणाऱ्या मागच्या चाकातल्या भागाची, टिकटिक गाण्यातून स्पष्ट ऐकू आली पाहिजे. नाही आली तर दोन घरं खाली या. (काही हबांची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागांची, टिकटिक मुळातच दबकी असते. तिथे मंद पॅडल मारत चेनचा आवाज ऐका.) वाऱ्यात गाणं ऐकू आलं नाही तर नाही आलं. फारच त्रास होत असेल तर हेल्मेटच्या पट्ट्याला कानाच्या पुढच्या बाजूला मऊ, केसाळ कापडाची पट्टी गुंडाळा, घरघर बरीच कमी होते. मान जराशी वळवली की तीच घरघर कशी बदलते हे एकदा पाहा, म्हणजे भोवरे कुठे होतात ते लक्षात येईल.

फ्रीव्हीलची चाचणी सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. सायकल बिघडण्याआधी आवाज करते. टायरमध्ये रुतलेला काचेचा तुकडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टिक’ करतो, ताशी २० ला सेकंदात साधारण अडीच वेळा. तो वेळीच ऐकला तर थांबून नखाने काढता येतो आणि बऱ्याचदा ट्यूब वाचते. पॅडल थांबवल्यावर थांबणारा आवाज क्रँककडचा (पॅडल ज्या दांड्यावर असतं तिकडचा) किंवा चेनचा, चालूच राहणारा चाकाचा किंवा ब्रेक घासत असल्याचा. कान भरलेले असले की हे सगळं पंक्चर झाल्यावरच कळतं.

‘मी एकाच कानात घालतो’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं आणि ते वाटतं तितकं भक्कम नाही. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो तो फरक एक हजारांश सेकंदाहूनही कमी असतो, शिवाय पलीकडच्या कानाला तो थोडा हळू ऐकू येतो. एक कान बंद केला की गाडी आहे एवढं कळतं, कुठल्या बाजूने आहे ते नीट कळत नाही, आणि चौकात तर तेच हवं असतं. तरीही एकच घालायचा असेल तर रस्त्याच्या कडेकडचा कान बंद आणि रहदारीकडचा उघडा ठेवा. डावीकडून चालणाऱ्या देशांत इअरबड डाव्या कानात, उजवीकडून चालणाऱ्यांत उजव्या. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) चालू करा, नाहीतर स्टिरिओतली अर्धी वाद्यं नुसतीच हरवतात आणि ती शोधायला आवाज वाढवला जातो.

बोन कंडक्शन हेडफोन हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. कानापुढच्या हाडावर टेकलेलं यंत्र थरथरतं, कंपनं हाडातून आतल्या कानात जातात, कानाची नळी उघडी राहते. पण नळी उघडी म्हणजे गाणं बाहेरचा आवाज झाकत नाही असं नाही. झाकाझाक आतल्या कानातच होते, त्यामुळे व्हॉल्यूमचा नियम इथेही तोच. बास कमकुवत असतो आणि तो वाढवायला गेलं की गालाला गुदगुल्या होतात. गजबजलेल्या रस्त्यावर गाणं जवळपास नाहीसं होतं, आणि माझ्या मते हा या यंत्राचा गुणच आहे. बसवताना क्रम पाळा: आधी हेडफोन, मग हेल्मेट, मग पट्टे, शेवटी चष्म्याच्या काड्या पट्ट्यांच्या बाहेरून. हेडफोनची मागची तार हेल्मेट आवळायच्या चकतीला अडत असेल तर ती चकतीखालून मानेवर सोडा. मान वर केली की यंत्र हाडावरून सरकत असेल, तर ते मापाचं नाही.

बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून कानात सोडणारा ट्रान्स्परन्सी मोड कागदावर उत्तम. चालत्या सायकलवर मात्र वारा मायक्रोफोनवरच आदळतो आणि कानात नुसती खरखर येते.

काय ऐकता यानेही फरक पडतो. खालच्या पट्टीतला आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजांना जास्त झाकतो, उलट तेवढं होत नाही. म्हणून इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये) बास उतरवला की त्याच व्हॉल्यूमला बाहेरचं जास्त ऐकू येतं. सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणारं सेटिंग चालू ठेवा, म्हणजे हळू गाण्यासाठी वाढवलेला आवाज पुढच्या गाण्याला कानठळ्या बसवणार नाही. गप्पांचे कार्यक्रम आवाजाने कमी झाकतात, पण लक्ष जास्त खातात. फोन आपोआप उचलणं आणि मेसेज वाचून दाखवणं बंद करा. हातमोजे घालून स्पर्शाची बटणं धड चालत नाहीत, दाबायचं बटण असलेलंच यंत्र घ्या.

कायदा देशागणिक वेगळा. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकलवर कानात इअरफोन घालायला बंदी आहे, कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकायला मनाई आहे, एक चालतो. ताफ्यात चालवत असाल तर मात्र कायदा काहीही म्हणो, काढून ठेवा. ‘खड्डा’ ही हाक पुढून मागे पोचवायची असते.

मोकळ्या रस्त्यावर ब्लूटूथ तुटतं त्याचंही कारण साधं आहे. त्याच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात आणि परतवायला आसपास भिंती नसतात. फोन उजव्या खिशात आणि मुख्य इअरबड (थेट फोनला जोडला जाणारा) डाव्या कानात असेल तर मध्ये सगळं शरीर येतं. दोन्ही एकाच बाजूला ठेवा, किंवा फोन हँडलवर लावा.

घामाचं म्हणाल तर आयपीएक्स ४ म्हणजे कुठूनही उडालेल्या पाण्यापासून संरक्षण, पण ती चाचणी साध्या पाण्याची असते. खारट घाम चार्जिंगच्या पिना खातो. घरी आल्यावर ओलसर कापडाने मीठ पुसा, कोरडं करा आणि पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावा. ओल्या पिनांना वीज मिळाली की गंज कितीतरी पटीने लवकर चढतो.