आगमनकाळ, दुसरा रविवार

नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ, त्यातला आज दुसरा रविवार. संध्याकाळी रीथवरच्या, म्हणजे हिरव्या डहाळ्यांच्या गोल कड्यावरच्या, दोन मेणबत्त्या लावल्या. पहिली आठवडाभर रोज जेवणाआधी थोडा वेळ जळतेय त्यामुळे ती आजच्या नव्या मेणबत्तीपेक्षा चांगलीच बुटकी झालीये, एका बाजूने मेणाचा ओघळ खाली येऊन हिरव्या डहाळीवर गोठलाय. लेक म्हणाली खरवडून काढू का, म्हटलं राहू दे गं. नाताळपर्यंत चारही वेगवेगळ्या उंचीच्या होतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, आणि कितवा आठवडा चाललाय ते नुसतं बघून कळतं. मला हेच सगळ्यात आवडतं.

आमच्याकडे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारी, आनंदाची. मधली पांढरी ख्रिस्ताची, ती नाताळच्या रात्रीच. डहाळ्या मात्र लवकर वाळतात म्हणून त्यावर पाणी शिंपडत राहते आणि खोलीत कोणी नसेल तर ज्योत विझवायचीच, यात अजिबात ढिलाई नाही.

लेकीचा रोजचा प्रश्न, नाताळला अजून किती दिवस? हा प्रश्न फार जुना आहे. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न हे पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवायचे, तिथली मुलंही हेच विचारून त्यांना भंडावून सोडायची, तेव्हा त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी दिवसांच्या छोट्या, रोज एक जास्त पेटवायची म्हणजे मुलं आपली आपण मोजतील. लेकीला हे सांगितलं तर तिला ती मुलं एकदम ओळखीचीच वाटली.

डेकोरेशनचं म्हणाल तर मी मुद्दाम हळूहळू करते. डिसेंबर लागला की एका दिवसात सगळं घर चमकवून टाकायचं हे मला पटत नाही, मग वाट कशाची बघायची? खिडकीत कागदाचा तारा लागलाय बस. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडलाय पण आत फक्त गवत, बैल आणि एक मेंढरू, गव्हाणी रिकामी. मरीया, योसेफ आणि त्यांचं गाढव खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर आहेत, रोज वीतभर पुढे सरकतात. मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तर अजून पॅसेजमध्येच, ते ६ जानेवारीला पोचणार. बाळ येशू रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी मांडली होती, ते आठवलं की आपला हा पुठ्ठ्याचा गोठापण मला फार जवळचा वाटतो.

मग ट्यूबलाइट बंद करून दोन ज्योतींच्या उजेडात बायबल वाचलं. आजच्या वाचनात बाप्तिस्मा करणारा योहान, रानात ओरडून सांगतोय परमेश्वराचा मार्ग तयार करा. अक्षरं नीट दिसेनात म्हणून मेणबत्तीजवळ सरकावं लागलं, आम्ही सगळेच सरकलो, मांडीला मांडी लावून बसलो, आणि वाचून झालं तरी बराच वेळ कोणी लाइट लावायला उठलं नाही. वर्षभर देवाशी जे बोलायचं राहून जातं ते या चार आठवड्यांत माझं आपोआप बोलून होतं, खरंच.

उद्या मरीया-योसेफ कपाटावरून टेबलावर उतरणार. गाढव मीच उचलणार असं लेकीने आत्ताच बजावून ठेवलंय.